माधवदासांच्या नावाची पोकळी

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड मोठी बोलकी आहे. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काही केले, ते जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात वाकलेली मान नाही, जोडलेले हात नाहीत, ओझे तर मुळीच नाही. आहे ते फक्त जाणणे. त्याच्या समोर ‘कृतघ्न’ उभा करून पाहा. तेथे ‘हन्’ हा धातू आहे. केलेले जो ठार मारतो तो कृतघ्न. संस्कृताने या दोन शब्दांत जेवढी स्पष्टता ठेवली तेवढी आपण व्यवहारात ठेवली नाही. आपण ‘उपकार’ हा शब्द उचलला आणि त्याला सावकारी पेहराव चढविला. उपकार ‘होतात’, उपकार ‘फेडावे’ लागतात, उपकारांच्या ‘ओझ्याखाली’ माणूस दबतो. जणू काही दरवाजाशी कोणी वही घेऊन बसला आहे.

घरात मात्र हा हिशेब नव्हता. आईने वाढलेल्या भाताबद्दल ‘आभारी आहे’ असे म्हणून पाहा. ती एकतर हसेल, नाहीतर मुलाला ताप आला की काय म्हणून कपाळाला हात लावून बघेल. आमच्याकडे आभार तोंडाने मानण्यापेक्षा हाताने मानण्याची रीत अधिक. वसुबारसेला गाईवासराची पूजा, पोळ्याला बैलाची, खंडेनवमीला पाटा-वरवंट्यापासून करवत-हातोडीपर्यंत सगळ्यांची. जे रोज राबते त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी थांबून पाहायचे. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी पराणी पुन्हा बाहेर निघते, हा भाग वेगळा.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत कृतज्ञता हा प्रयोगशाळेतला विषय झाला आहे. कृतज्ञतेने मेंदूत काय घडते, ती सवयीने वाढविता येते काय, योगातल्या भावनांशी तिचे काय नाते, यांवर पुस्तके निघतात, व्याख्याने होतात. योग आणि मेंदू यांची सोयरीक लावणारे पुष्कळ. पण ही दोन घराणी प्रथम कशी उभी राहिली, हे सांगणारे थोडे. तो इतिहास मला विलक्षण वाटतो. त्यातली एक शाखा अस्सल मराठी आहे, आणि तिच्या मुळाशीच कृतज्ञतेचा एक असा नमुना आहे की जो कोणत्याही यंत्रावर मोजलेला नाही.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. वडील शिक्षक. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शिक्षणासाठी वेळोवेळी इतरांच्या मदतीचा आधार घ्यावा लागला. त्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सात घरांच्या सात आमट्यांवर शिकलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. १९०३ साली गुणे मॅट्रिक झाले आणि संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. ही शिष्यवृत्ती म्हणजे नाना शंकरशेटांचे ऋण समाजाने जिवंत ठेवण्याचीच एक तऱ्हा. नाना वारले १८६५ साली. त्यांना कधीही न पाहिलेला एक गरीब मुलगा अडतीस वर्षांनी त्यांच्या नावावर शिकू लागला.

बडोद्यात १९०७ पासून गुण्यांना राजरत्न माणिकराव भेटले. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या मातीत शरीर कसे कमवावे, हे त्यांनी तेथे शिकून घेतले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन. तेही मास्तरच, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना परमहंस माधवदास भेटले. माधवदास मूळचे बंगालचे, वयाने अतिवृद्ध. त्यांच्यापाशी गुण्यांना योगाची क्रियात्मक बाजू मिळाली. हा सहवास फार लांबला नाही. १९२१ साली माधवदास गेले.

येथून पुढची गोष्ट सरळ भक्तिमार्गाची होऊ शकली असती. शिष्याने समाधी बांधावी, पुण्यतिथी सुरू करावी, गुरूंच्या चमत्कारांची पोथी लिहावी. गुण्यांनी निराळेच केले. त्यांनी काही विद्यार्थी बरोबर घेतले आणि ते बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या यंत्रापुढे जाऊन उभे राहिले.

काय पाहावयाचे होते? हठयोगात बस्ति नावाची एक शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि मोठ्या आतड्यात खालून पाणी ओढून घेतो. जुन्या परिभाषेत हे अपान वायूचे कार्य. साधकाला ते साधते, यात वाद नव्हता. पण पाणी वर का चढते? गुण्यांनी आतड्यातील दाब मोजण्यासाठी नळी आणि दाबमापक लावला आणि साधकाला नौली करावयास सांगितले. नौली म्हणजे श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत ओढावयाचे आणि मग पोटाच्या मध्यावरचे दोन उभे स्नायू तेवढे पुढे काढावयाचे. ते स्नायू पुढे येताच आतली पोकळी वाढते आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो. रंगपंचमीला आपण पिचकारीचा दट्ट्या मागे ओढतो आणि रंग आपोआप वर चढतो, तसाच हा प्रकार. दाबमापकाने ते स्वच्छ दाखविले. शतकानुशतके जिला गूढ शक्ती म्हणत आले, तिच्या जागी अंशतः निर्वात अशी एक साधी पोकळी निघाली.

आता या क्षणी त्या शिष्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करावी. गुरूंनी दिलेल्या विद्येचे एक रहस्य त्याने आपल्या हाताने उलगडले होते. एखाद्या भाबड्या माणसाला ते गुरुद्रोहासारखे वाटले असते. एखाद्या अहंमन्य माणसाला गुरूंवर मात केल्यासारखे. गुण्यांनी त्या पोकळीला नाव दिले ‘माधवदास व्हॅक्यूम’. शास्त्रात शोधाला शोधकाचे नाव पडते, आणि ते मिळविण्यासाठी विद्वानांनी एकमेकांचे गळे धरल्याची उदाहरणे आहेत. येथे शोधकाने स्वतःला बाजूला ठेवले आणि ज्यांनी कधी दाबमापक हातात धरल्याचे ऐकिवात नाही अशा वृद्ध साधूचे नाव मोजमापाला चिकटविले.

मला या कृतीत कृतज्ञतेचा मूळ अर्थ दिसतो. गुण्यांनी गुरूंचे ‘कृत’ खरोखर जाणून घेतले, अगदी दाब किती उतरला येथपर्यंत. नुसते मानले नाही. आणि जाणून झाल्यावर कोणाचे होते ते विसरले नाहीत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम स्थापन केला, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आता ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जात होते. आश्रम म्हटल्यावर डोळ्यांपुढे जी चित्रे येतात त्यांत प्रयोगशाळा नसते. येथे ती पहिल्यापासून होती. १९२७ साली गांधीजींनी प्रकृतीसाठी आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. गांधीजी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारे गृहस्थ. त्यांनाही हा प्रयोगशील स्वामी जवळचा वाटला असावा.

इतिहासाला कधी कधी जुळवाजुळवीची हौस असते. लोणावळ्याचा आश्रम निघाला त्याच १९२४ साली, तीनच महिने आधी, जर्मनीतल्या येना गावी मनुष्याच्या मेंदूतली विजेची स्पंदने प्रथम नोंदली गेली. पोटाच्या पोकळीपासून मेंदूपर्यंत ही उडी मोठी वाटेल. पण मन आणि शरीर यांच्यामधल्या भिंतीला दोन बाजूंनी भोके पाडण्याचे हे काम होते, आणि दोन्हीकडच्या गवंड्यांना एकमेकांची खबर नव्हती.

येनाचा हा माणूस म्हणजे हान्स बर्गर. त्याच्या हट्टाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही, ती घोड्यावरून पडण्यात झाली. विशीच्या आसपास सैन्यात शिकत असताना त्याचा घोडा उधळला आणि तो तोफेच्या गाड्यापुढे पडला. गाडा थोडक्यात थांबला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली: बरा आहेस ना? दूर घरी असलेल्या बहिणीला एकाएकी वाटले होते की भाऊ संकटात आहे, आणि तिने तार करावयास लावली होती. बर्गरच्या मनात बसले की संकटात सापडलेल्या मनातून काही शक्ती बाहेर पडत असली पाहिजे, ती शोधावयाची. ६ जुलै १९२४ रोजी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला ती सूक्ष्म विद्युत्स्पंदने नोंदता आली. मनाची दूरगामी शक्ती काही त्याला सापडली नाही. सापडले ते असे की डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लाटा एका लयीत उठतात, आणि डोळे उघडले की ती लय मोडते. बहिणीच्या मायेचा छडा लावायला निघालेला भाऊ मेंदूच्या आलेखाशी येऊन पोहोचला.

पाच वर्षे तो गप्प राहिला. १९२९ साली त्याने निबंध छापला, तरी फारसा कोणी विश्वास ठेवीना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तो खरा ठरला, आणि त्यांनी आपल्या निबंधात त्या लयीला ‘बर्गर लय’ असेच नाव दिले. एड्रियन त्या वेळी नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस. त्याने येनाच्या दुर्लक्षित डॉक्टराचे नाव जगापुढे ठेवले. पाहा, येथेही तेच. आधी स्वतः तपासले, मग नाव दिले.

बर्गरच्या बाबतीत एक गोष्ट लपवून चालणार नाही. नाझी राजवटीत कोणाला मूल होऊ द्यावे आणि कोणाला नाही हे ठरविणारी ‘आनुवंशिक आरोग्य’ न्यायालये निघाली होती. त्यांत तो बसला होता. १९४१ साली त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. आज रुग्णालयात अपस्माराच्या रोग्याच्या डोक्याला तारा लावतात तेव्हा त्या यंत्रामागे हा माणूस उभा असतो, आपल्या शोधासकट आणि आपल्या काळिम्यासकट. त्याचे ऋण मान्य करताना त्याला संत करण्याची गरज नाही. ‘केलेले जाणणे’ म्हटले की वाईट केलेलेही जाणावे लागते.

या दोन वाटा पुढे भारतातच एकमेकींना मिळाल्या. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. समाधीत बसलेल्या योग्यांच्या मेंदूत बर्गरची ती स्वस्थपणाची लय बाहेरच्या प्रकाशाने वा आवाजाने मोडली नाही. दोन योग्यांनी तर चार अंशाच्या थंड पाण्यात पाऊण तास व त्याहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, आणि लय तशीच राहिली. आपण नळाचे डिसेंबरातले पाणी अंगावर घेतानाही देवाचा धावा करतो.

आणि कृतज्ञता? तिच्यापर्यंत यंत्र पोहोचायला पुढची आणखी अर्धी शतकी लागली. प्रथम झाले ते यंत्राविना. २००३ साली अमेरिकेत एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टींपर्यंत लिहावयाचे. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातील विद्यार्थी आयुष्याकडे अधिक समाधानाने पाहत होते आणि दुखण्याच्या तक्रारी कमी करीत होते. पुढे इतरांनी असे पुष्कळ प्रयोग केले, त्यांची एकत्र छाननीही झाली. परिणाम आहे, पण बेताचा, असे तीत दिसले. तेव्हा ‘एकवीस दिवसांत मेंदू बदला’ असे कोणी सांगू लागला तर खिशावर हात ठेवून ऐकावे.

मेंदूच्या छायाचित्रणाचा मला भावलेला प्रयोग २०१५ सालचा, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या लोकांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह तेथे आहे. त्यांत, अनोळखी माणसांनी कसा आसरा दिला, कसे अन्न दिले, याच्या हकिकती आहेत. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना यंत्रात निजवून या हकिकती दिल्या आणि ‘हे तुमच्यावर गुदरले असे समजा’ म्हणून सांगितले. ज्या हकिकतीने कृतज्ञता अधिक दाटली, त्या वेळी कपाळामागच्या मधल्या भागात आणि त्याला लागून असलेल्या सिंग्युलेट नावाच्या पट्ट्यात रक्ताची हालचाल अधिक दिसली. आता गंमत पाहा. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणे, एखाद्या कृत्याचे मोल ठरविणे, नीती-अनीती तोलणे, या कामांतही याच भागांचा संबंध आढळतो. त्याने हे का केले, त्याला काय किंमत पडली, याचा विचार म्हणजे कृतज्ञता. यंत्र रक्त मोजते, विचार मोजत नाही, हे लक्षात ठेवूनही मला वाटते की आमच्या जुन्या शब्दातला ‘ज्ञ’ अगदीच उगाच बसलेला नव्हता.

आणखी एक प्रयोग २०१६ साली इंडियाना विद्यापीठाने प्रसिद्ध केला. चिंता व खिन्नता यांवर मानसोपचार घेणाऱ्या काही लोकांना तीन वेळा वीस-वीस मिनिटे कृतज्ञतेची पत्रे लिहावयास सांगितली. तीन महिन्यांनी कृतज्ञतेच्या प्रसंगी त्यांच्या मेंदूचा तो मधला भाग, पत्रे न लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक जागा झालेला दिसला. एका तासाच्या लिखाणाचा ठसा तीन महिने टिकला. अभ्यासाने भाव पक्का होतो, हे योग्यांना नवे नाही. पतंजलींच्या सूत्रांत कृतज्ञतेला निराळी जागा नाही, हे खरे. पण मन प्रसन्न राहावे म्हणून मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना करावी असे तेथे सांगितले आहे, आणि वाईट विचार सतावू लागला की त्याच्या विरुद्ध विचाराची भावना करावी, असेही. ‘भावना’ हा शब्द आज आपण ‘वाटणे’ या अर्थी वापरतो; वैद्य मात्र औषधाला रसाची भावना देतात, म्हणजे ते रसात पुन्हा पुन्हा भिजवून खलतात. पतंजलींचा अर्थ या खलाच्या जवळचा. त्यातली मुदिता म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून आनंद होणे, हीच मला कृतज्ञतेची सख्खी थोरली बहीण वाटते. दुसऱ्याच्या चांगुलपणाने ज्याला आनंद होत नाही, त्याला तो चांगुलपणा स्वतःच्या वाट्याला आला तरी खुपतोच.

माझे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेले नाही, तेव्हा मेंदूवर मी अधिक बोलू नये. पण शाळेत उभे आयुष्य काढणाऱ्याला एक गोष्ट दिसते. एका संस्थेत, तिचे नाव कशाला घ्या, फी माफ झालेल्या मुलांना वार्षिक समारंभात व्यासपीठावर उभे करीत आणि देणगीदारांचे आभार एकेकाकडून पाठ म्हणवून घेत. मुले खाली पाहून म्हणत. नंतर एका मुलाला मी विचारले, ‘कोणाचे आभार मानलेस रे?’ तो म्हणाला, ‘गुर्जी, नाव आठवत नाही.’ देणगीदाराचे नाव त्याने त्या दिवशी दोनदा उच्चारले होते. अपमानाच्या घाईत ते डोक्यात शिरले नव्हते, इतकेच. आणि वर्गात ‘हे कशावरून?’ म्हणून विचारणारे पोर गुरूचा मान ठेवीत नाही, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत मी किती वेळा ऐकली आहे! तशी तक्रार करणाऱ्याला मी आताशा बडोद्याच्या त्या दाबमापकाची गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात. काहींची नेमकी तेव्हाच तासाची घंटा होते.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. लोणावळ्याची संस्था चालू आहे, ‘योगमीमांसा’ही निघते. नावांचे मात्र निराळे झाले. मेंदूच्या लयीला स्वतः बर्गरने साधेसे ‘आल्फा’ म्हटले होते. तेच क्रमिक पुस्तकांत राहिले, आणि एड्रियनने दिलेले नाव मागे पडले. ‘माधवदास व्हॅक्यूम’ हे नावही आज योगाच्या वर्गात नौली करणाऱ्या तरुणांपैकी फार थोड्यांच्या कानांवर गेलेले असते. पोट आत जाते, स्नायू पुढे येतात, दाब खाली उतरतो, आणि मालसरच्या म्हाताऱ्याच्या नावाची ती पोकळी दररोज सकाळी कोठे ना कोठे तयार होतच असते.